जमीन दिली, की होतीच?

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात एक पिवळी कापडी पिशवी आहे. ती देवघराच्या वरच्या फळीवर असते आणि महिन्या-दोन महिन्यांनी 'तारीख' आली की खाली उतरते. तारखेच्या आदल्या रात्री वडील ती उघडतात, कागद मोजतात आणि पुन्हा बांधून ठेवतात. वाचत नाहीत. वडील चौथीपर्यंत शिकले, आई शाळेत गेलीच नाही. मी अकरावीत गेले तेव्हापासून कागद वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच. त्यामुळे रेशनकार्डापासून कोर्टाच्या निकालापर्यंत सगळे कागद मला कळतात अशी घरच्यांची समजूत आहे. ती खरी नाही. पण या पिशवीतले कागद मी इतक्या वेळा वाचले आहेत, की त्यातली काही वाक्ये आता पाठ झाली आहेत.

वार्षिक अंकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली तेव्हा मैत्रिणींनी कुणी पैठणीवर, कुणी मोबाईलच्या दुष्परिणामांवर लिहायचे ठरवले. मी राज्यशास्त्राच्या सरांना विचारले, आमच्या पिशवीवर लिहू का? सर म्हणाले, "खटला चालू आहे, तेव्हा गाव आणि नावे घालू नकोस. बाकी लिही." म्हणून नावे घालत नाही. एवढे मात्र सुरुवातीलाच सांगून टाकते, की या खटल्यात वादी माझे वडील आणि चुलते आहेत, आणि माझ्या मते त्यांची बाजू बरोबर नाही.

आमच्या पणजोबांना एक थोरला भाऊ होता. तो १९४९ साली वारला. मूलबाळ नव्हते. मागे राहिली त्याची एकोणीस वर्षांची बायको, म्हणजे आज माझे जेवढे वय आहे तेवढीच. तिला आम्ही सगळे 'मळ्यातली आजी' म्हणत असू. दोघा भावांची मिळून चौदा एकर जमीन होती. तिला घरात राहणे अशक्य झाले, ती माहेरी गेली, आणि माहेरच्यांनी पोटगीचा दावा लावला. १९५३ साली कोर्टात तडजोड झाली. तिला विहिरीजवळची साडेतीन एकर जमीन मिळाली. तडजोडीच्या कागदात लिहिले आहे, की या जमिनीचा उपभोग तिने हयात असेपर्यंत घ्यावा; गहाण, दान किंवा विक्री करू नये; तिच्या पश्चात जमीन पणजोबांकडे परत यावी. खाली तिचा अंगठा आहे.

'उपभोग' हा शब्द वाचला की मला हसू येते. मळ्यात छपराची एक खोली, एक शेळी, विहिरीवर मोट आणि बाजरीचे पीक, हा तिचा उपभोग. मी पाच वर्षांची असताना ती गेली, त्यामुळे मला तिचे फारसे आठवत नाही. हाताला तंबाखूच्या मिश्रीचा वास येई, एवढे आठवते.

आमच्या घरात तिच्याविषयी एक गोष्ट अजून कौतुकाने सांगतात. बांधावर कडुनिंबाचे झाड होते. पावसाळ्याआधी छपराला मेढी आणि वासे हवे होते, म्हणून ते तोडायचे होते. तर ती चालत गावात आली, ओट्याखाली उभी राहिली आणि पणजोबांना विचारून गेली. "एवढी मर्यादेची बाई!" असे आजोबा म्हणत. ही गोष्ट साधारण १९६० च्या पुढची आहे. त्याचे महत्त्व मला फार उशिरा कळले. ते पुढे सांगते.

म्हातारपणी तिचे होईना तेव्हा जमीन माझे वडील वाट्याने करू लागले. निम्मे तिचे, निम्मे आमचे. पुढे तिला दिसेनासे झाले. तिच्या बहिणीच्या मुलीने तिला आपल्या घरी नेले आणि शेवटची पाच-सहा वर्षे सांभाळले. तिकडे कुणा जाणत्या माणसाने तिला सांगितले असावे, की बाई, ही जमीन तुझी आहे. २००७ साली तिने मृत्युपत्र नोंदवले आणि साडेतीन एकर त्या भाचीला लिहून दिली. २०११ साली ती वारली. दहावा झाला, आणि तेराव्याच्या आतच भाऊबंद तलाठ्याकडे फेरफाराला गेले होते. तिथे मृत्युपत्र निघाले. दुसऱ्या वर्षी दावा लागला. २०१८ साली निकाल भाचीच्या बाजूने झाला. आम्ही अपील केले. ते चालू आहे.

घरात या सगळ्याचे सार एका वाक्यात सांगतात. चुलते म्हणतात, "आपण तिला जमीन दिली व्हती. खायला. मालकी कुठं दिली व्हती?" गावातही असेच म्हणतात. अशा जमिनीला आमच्याकडे चोळी-बांगडीची जमीन म्हणतात. म्हणजे बाईला चोळी आणि बांगडी भागावी एवढ्यासाठी घराने दिलेली. बाई गेली, की चोळी-बांगडीचा खर्च संपला, जमीन घरात आली. हिशेब सरळ दिसतो.

या हिशेबातला 'दिली' हा शब्दच मला खरा वाटत नाही. माझ्या मते साऱ्या खटल्याचा जीव त्या एका शब्दात आहे. जे दुसऱ्याचे नसते ते 'देता' येते. जे त्याचेच असते ते त्याला दिले असे कसे म्हणायचे?

इतिहासाच्या पुस्तकात आपण सतीबंदीचा १८२९ चा कायदा आणि विधवाविवाहाचा १८५६ चा कायदा पाठ करतो. पण जी विधवा सती गेली नाही आणि जिने दुसरे लग्नही केले नाही, ती खात काय होती, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. इंग्रजांच्या कोर्टांनी शास्त्र्यांना विचारून आणि पोथ्या चाळून जो हिंदू कायदा बसवला त्यात तिला 'मर्यादित मालकी' होती. वाटण्या झालेल्या घरातला नवरा मुलगा न ठेवता वारला तर त्याची मालमत्ता तिच्याकडे येई, पण हयातीपुरती. उत्पन्न तिचे. जमीन मात्र तिला मनासारखी विकता येत नसे, आणि मृत्युपत्र तर करताच येत नसे. 'कायदेशीर गरज' असेल तरच विक्री चाले. नवऱ्याचे कर्ज, त्याचे क्रियाकर्म, मुलीचे लग्न, तिचे स्वतःचे पोट अशा त्या गरजा. ती मेली की जमीन तिच्या वारसांकडे जात नसे. नवऱ्याचा त्या घडीला जो जवळचा वारस जिवंत असेल त्याच्याकडे जाई. आणि एकत्र कुटुंबात नवरा वारला तर एवढेही नाही. त्याचा हिस्सा भावांत विरघळून जाई आणि तिला फक्त अन्नवस्त्राचा हक्क उरे.

वरवर पाहता कुणी म्हणेल, काय वाईट आहे? जिवंत असेपर्यंत खाल्ले ना? पण या व्यवस्थेत जगायचे कसे याचा विचार करून पाहावा. गिऱ्हाईक जमीन घेताना विचारणार, गरज खरी आहे का? ती मेल्यावर भाऊबंद माझ्यावर दावा लावतील का? म्हणून तो भाऊबंदांची सही मागणार. म्हणजे ज्यांना तिच्या मरणाने फायदा व्हायचा त्यांच्याच परवानगीने तिने जगायचे. तिने विहीर खोल करायला कर्ज मागितले तर देणारा विचार करणार, ही उद्या गेली तर वसूल कुणाकडून करू? १९७२ च्या दुष्काळात मळ्यातल्या आजीची विहीर आटली. अर्धा एकर विकून विहीर खोदू द्या म्हणून ती पणजोबांकडे आली होती. ते नाही म्हणाले. ती दोन हंगाम दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. साडेतीन एकराची धनीण खडी फोडत होती.

मुंबई इलाख्याचे एक वेगळेपण इथे सांगण्यासारखे आहे. आपल्याकडे मिताक्षरेबरोबर नीलकंठभट्टांचा 'व्यवहारमयूख' मानत. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, पुढे काशीला गेलेले. या परंपरेप्रमाणे आपल्याकडे मुलीला वडिलांची मालमत्ता वारसाने मिळाली तर ती पूर्ण मालक होई. इतर बऱ्याच प्रांतांत तीही हयातीपुरतीच. पण विधवेच्या बाबतीत आपण इतरांहून काही चांगले नव्हतो. म्हणजे घरात जन्मलेली मुलगी मालक होऊ शकत होती, घरात आलेली सून नाही.

विधवेने पुन्हा लग्न केले तर? १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा आपण सुधारणेचा म्हणून शिकतो आणि तो होताच. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात लिहिले होते, की पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला हक्क ती जणू त्या वेळी मेली आहे असे समजून संपेल. कायद्याने तिला लग्नाच्या मांडवात मारून टाकले. डॉक्टर रखमाबाईंच्या आईचे उदाहरण याच काळातले. जयंतीबाई लहान वयात विधवा झाल्या. पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करण्यापूर्वी त्यांनी आपल्याकडची मालमत्ता आठ वर्षांच्या रखमाबाईच्या नावावर करून दिली. रखमाबाईंवर दादाजी भिकाजींनी १८८४ साली लावलेला खटला आपल्याला माहीत असतो. त्याच्या कितीतरी आधी एका आईने मालमत्तेचा हा प्रश्न असा सोडवून ठेवला होता, हे मला एका पुस्तकात तळटीप वाचताना कळले.

१९३७ साली मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा झाला. एकत्र कुटुंबात नवरा वारला तर त्याचा हिस्सा आता विधवेकडे येऊ लागला, आणि तिला वाटप मागता येऊ लागले. मालकी मात्र पुन्हा मर्यादितच. शिवाय १९४१ साली फेडरल कोर्टाने सांगितले, की हा मध्यवर्ती कायदा प्रांतांतल्या शेतजमिनीला लागू नाही. खेड्यातल्या बाईला जमीन सोडून दुसरी मालमत्ता ती कसली! मुंबई प्रांताने १९४२ साली स्वतःचा कायदा करून ही उणीव भरली. मळ्यातल्या आजीचा नवरा १९४९ साली गेला. म्हणजे तिला चौदा एकरांतला निम्मा हिस्सा मागता आला असता. तिने मागितली पोटगी, आणि मिळाली साडेतीन एकर. निम्म्याची निम्मी. तीही 'दिली' म्हणून.

आता येवल्याविषयी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या या गावात धर्मांतराची घोषणा केली. ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर वर्षी त्या दिवशी माणसांची रीघ लागते. ते वाक्य येवल्याच्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण तेच बाबासाहेब पुढे कायदामंत्री झाले आणि मळ्यातल्या आजीसारख्या बायकांसाठी काय करू पाहत होते, हे आमच्या वर्गात मी विचारले तर दोघांतिघांनाच सांगता आले. १९४८ साली हिंदू कोड बिल समजावून सांगताना त्यांनी हाच मुद्दा मांडला होता, की विधवेची मर्यादित मालकी पूर्ण मालकी करायची, आणि तिच्या मरणानंतर पुढे येणाऱ्या वारसांचा हक्क काढून टाकायचा. बिल रखडले. १९५१ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हे बिल बाजूला पडणे हे एक मोठे कारण होते. ज्याने आपला धर्म सोडायचे येवल्यात जाहीर केले, तोच माणूस त्या धर्मातल्या बायकांच्या जमिनीसाठी दिल्लीत भांडत होता. याचा विचार करताना मला नेहमी थांबायला होते.

पुढे त्या बिलाचे तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले. वारसा कायदा संसदेतून पार पाडण्याचे काम केले हरि विनायक पाटसकरांनी; हे आपल्या शेजारच्या जळगावचे खासदार. १७ जून १९५६ रोजी कायदा अमलात आला. त्याचे चौदावे कलम दोन तुकड्यांत आहे. पहिला तुकडा म्हणतो, की हिंदू स्त्रीच्या ताब्यात जी मालमत्ता आहे, ती कायद्याच्या आधी मिळालेली असो वा नंतर, तिची ती पूर्ण मालक, मर्यादित नव्हे. वारसाने, वाटपाने, पोटगीपोटी, बक्षीस म्हणून, खरेदीने, कशीही मिळालेली असो. दुसरा तुकडा म्हणतो, की बक्षीसपत्र, मृत्युपत्र, हुकूमनामा असल्या एखाद्या कागदाने मालमत्ता मिळाली असेल आणि त्या कागदातच मर्यादा घातली असेल, तर पहिला तुकडा लागू नाही.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल. आमच्या वकिलांचा सारा भर दुसऱ्या तुकड्यावर आहे. १९५३ चा कागद आहे, त्यात मर्यादा आहे, अंगठा आहे. भाचीच्या वकिलांचा भर पहिल्या तुकड्यावर.

याचा उलगडा सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च १९७७ रोजी तुळसम्मा नावाच्या बाईच्या खटल्यात केला. कॉलेजच्या ग्रंथालयात मी त्याची हकिगत शोधून काढली तेव्हा आमचीच पिशवी कुणीतरी तेलुगूत लिहिली आहे असे वाटले. तुळसम्मा आंध्रातल्या. नवरा १९३१ साली वारला, सावत्र दिराबरोबर एकत्र कुटुंबात असताना. १९४४ साली त्यांनी पोटगीचा दावा लावला. १९४९ साली तडजोड होऊन काही मालमत्ता मिळाली. हयातीपुरती, विकायची नाही या अटीवर. कायदा आल्यावर त्यांनी त्यातली काही भाड्याने दिली, काही विकली. दिराने दावा लावला. तीन न्यायमूर्तींनी सांगितले, की विधवेचा पोटगीचा हक्क तडजोडीने जन्माला येत नाही. तो आधीचाच असतो. कागद फक्त त्याला मान्यता देतो. दुसरा तुकडा लागू होतो तो जिथे कागदानेच पहिल्यांदा हक्क निर्माण केला असेल तिथे.

म्हणजे प्रश्न हाच, की जमीन दिली, की होतीच?

आमच्या बाबतीत उत्तर मला स्वच्छ दिसते. होतीच. १७ जून १९५६ ला मळ्यातली आजी सव्वीस वर्षांची होती आणि जमीन तिच्या ताब्यात होती. त्या दिवशी ती मालक झाली. मग कडुनिंब तोडायला परवानगी मागायला ती ओट्याखाली उभी राहिली तेव्हा मालक कोण होते? खडी फोडायला गेली तेव्हा? पन्नास वर्षे ती आपल्याच जमिनीत पाहुणी म्हणून राहिली, कारण कायदा झाल्याचे तिला कुणी सांगितले नाही. सांगणार कोण? तिचे भाऊ गेले होते, तलाठी येई तो पणजोबांच्या ओट्यावर बसे. सातबाऱ्यावर तिच्या नावाशेजारी मर्यादित हक्काची नोंद होती ती तशीच चालत आली. पणजोबांनाही माहीत नसेल, असे मी मानते. मानायला मला बरे वाटते.

आता दुसऱ्या बाजूचे मुद्दे. ते मी टाळणार नाही, कारण ते रोज जेवताना ऐकते.

चुलते म्हणतात, तिने अंगठा दिला, शब्द दिला, आणि मरताना फिरली. पण तेवीस वर्षांच्या, पोटाला मोताद झालेल्या बाईने समोर ठेवलेल्या कागदावर अंगठा दिला, त्याला शब्द देणे म्हणतात का? ज्याला 'नाही' म्हणायची सोय असते त्याच्याच 'हो'ला किंमत असते. आणि पणजोबांच्या बाजूनेही कागदात एक वाक्य आहे, की तिच्या उपभोगाला आडकाठी करणार नाही. विहीर खोदू दिली नाही ती आडकाठी नव्हे काय, हे मी विचारले तर चुलते म्हणाले, "कॉलेजात घातली तवाच म्हणलं व्हतं." असो.

वडिलांचा मुद्दा वेगळा आहे आणि त्यापुढे मी गप्प होते. ते म्हणतात, "अठरा वर्षं म्या कसली." खरे आहे. पालखेडच्या कालव्याचे आवर्तन आमच्या बाजूला पोहोचेल तेव्हा पोहोचेल. उन्हाळ कांद्याला त्यांनी रात्री-अपरात्री लाईट येईल तेव्हा पाणी भरले. दगड वेचले, ताली घातल्या. त्यांना त्या मातीचा कोपरान् कोपरा माहीत आहे. पण त्याचा निम्मा वाटा त्यांनी दर साली घेतला. कसणाऱ्याला काय मिळावे हा मोठा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वडिलांना नीट मिळालेले नाही हे मी कबूल करते. पण ते उत्तर मळ्यातल्या आजीच्या मरणातून शोधायचे नाही.

तिसरा मुद्दा, जमीन घराबाहेर गेली. यात एक गंमत आहे. तिने मृत्युपत्र केले नसते तर जमीन आमच्याकडेच आली असती! ती पूर्ण मालक होती हे मान्य करूनही. मूलबाळ नसलेली बाई मृत्युपत्र न करता वारली तर नवऱ्याकडून आलेली मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाते असे याच कायद्याच्या पंधराव्या कलमात आहे. म्हणजे आमचा राग चौदाव्या कलमावर नाहीच. जिला विचारायची सवय आम्ही लावली होती तिने एकदा न विचारता काहीतरी केले, यावर आमचा राग आहे. डोळे गेलेल्या बाईला जिने न्हाऊ-माखू घातले, तिला तिने दिले. इथे मात्र 'दिले' हा शब्द बरोबर आहे, कारण ते तिचे होते.

सगळीच प्रकरणे इतकी सरळ नसतात, हेही लिहिले पाहिजे. पंजाबातल्या एका प्रकरणात नवऱ्याने स्वतः कमावलेली मालमत्ता मृत्युपत्राने बायकोला हयातीपुरती आणि नंतर पुतण्यांना दिली होती. बायकोने ती गुरुद्वाऱ्याला दान केली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने दान टिकवले नाही. माणसाला आपल्या कमाईचे मृत्युपत्र करण्याचा हक्क आहे आणि त्यातली मर्यादा पाळली पाहिजे, असे म्हटले. हा निकाल वाचून माझे मत थोडे डळमळले. दोन बायकांची मुले असलेला माणूस धाकट्या बायकोची सोय करून थोरलीच्या मुलांना काही ठेवू पाहत असेल, तर तो दरवेळी अन्यायच करतो असे कसे म्हणू? पण लगेच दुसरे वाटते, की त्या बायकोलाही पोटगीचा हक्क आधीपासून होताच. मग मृत्युपत्राने नवे काय दिले? वेगवेगळ्या निकालांत या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आली आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी हा गोंधळ मान्य करून विषय मोठ्या पीठापुढे ठेवावा असे सुचवले. कायदा होऊन तेव्हा अडुसष्ट वर्षे झाली होती.

कुणी म्हणेल, या जुन्या विधवांच्या गोष्टी. त्या बायका आता किती उरल्या? उरल्या नसतील. पण 'हयातीपुरते' हा शब्द उरला आहे. आमच्या गल्लीत गेल्या दोन वर्षांत दोन मृत्युपत्रे झाली, दोन्हींत घर 'पत्नीस हयातीपर्यंत, नंतर मुलांस' असे आहे. लिहिणारे दोघेही बायकोवर माया करणारे. त्यांना विचारले तर म्हणतील, तिला घराबाहेर कुणी काढू नये म्हणून लिहिले. मायेने लिहिले तरी त्या बाईला उद्या दवाखान्यासाठी एक खोली विकायची झाली तर ती मुलांच्या तोंडाकडे बघणार.

आणि मुलींचे काय? महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, २००५ साली तो साऱ्या देशात आला, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दलच्या उरल्यासुरल्या शंका काढून टाकल्या. कागदावर मी माझ्या भावाइतकीच हिस्सेदार आहे. पण गेल्या दिवाळीत चुलते हसत हसत म्हणाले, "हिच्या लग्नाआधी हक्कसोडवर सही घेऊन ठेवा, लई कायदा बोलती." सगळे हसले. मीही हसले. रात्री झोप आली नाही. भावाकडे साडीचोळीला यायचे तर सही केली पाहिजे, हा आमच्याकडचा अलिखित नियम आहे. माझ्या दोन्ही आत्यांनी सही केली आहे. एक आत्या आज दुसऱ्याच्या कांद्यात निंदायला जाते.

आपल्याच जिल्ह्यात चांदवडला १९८६ साली शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले होते. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन करावी, अशी. गावोगावी अनेकांनी केलीही. आमच्या गावात कुणी केली होती का, म्हणून मी आजोबांना विचारले. ते म्हणाले, सभेला गेलो होतो, भाषण चांगले झाले.

हे सारे मी मागच्या पावसाळ्यात वडिलांना सांगितले. अपील आपण हरू असे नाही. हरायला पाहिजे, असे म्हणाले. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. फीचे पैसे आईच्या हाती पाठवले. त्या पैशांतही अपिलाला दिलेल्या पैशांसारखाच आमच्या कांद्याचा घाम आहे, हे मला कळत होते.

मग एका तारखेच्या आदल्या रात्री त्यांनी पिशवी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "खालच्या कोर्टाचा निकाल वाच. सगळा." मी वाचला. इंग्रजी वाक्य आले की मराठीत सांगत गेले. तासभर लागला. वडील भिंतीला टेकून बसले होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी छप्पनपासून तिचीच व्हती?"

मी म्हटले, हो.

"मंग ती लिंबाचं झाड तोडायला इचारायला का आली?"

मी काही बोलले नाही. त्यांनी कागद मोजले, पिशवी बांधली आणि फळीवर ठेवली. अपील काढून घ्यायचे ते एकट्याच्या हातात नाही. चुलत्यांची सही लागते. पुढची तारीख महिनाअखेरीला आहे. या वेळी चुलत्यांपुढे निकाल वाचायला मला बरोबर ने, असे मी सांगितले आहे. वडील नाही म्हणालेले नाहीत.